नळाचे पाणी उलटे फिरू नये म्हणून

(ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांचे सदस्य आणि शिक्षक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ओपा, अस्नोडा, साळावली येथील केंद्रांत नदीचे पाणी निवळविले जाते, गाळले जाते आणि क्लोरीन मिसळून गावोगाव पाठविले जाते. ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य होण्याचा मान 2022 साली गोव्याला मिळाला. पाणी घराच्या उंबरठ्यापर्यंत आले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणी गृहिणीच्या कळशीत पडेपर्यंत शुद्धच राहील, अशी खात्री केवळ शासकीय यंत्रणेला देता येत नाही. शेवटची काही हात वाट खाजगी अंगणातून आणि खाजगी नळातून जाते. त्या वाटेवर पाणी कसे बिघडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

नळातील पाणी मुख्य वाहिनीकडून घराकडेच वाहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः जिकडे दाब कमी, तिकडे पाणी वळते. वाहिनीत दाब असेतोवर ते घराकडे येते. पुरवठ्याची वेळ संपली, वाहिनी फुटली, वीज जाऊन पंप थांबला किंवा चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी एकाच वेळी नळ सुटले, म्हणजे दाब उतरतो. उंचावरच्या घरांतील पाणी सखल भागाकडे ओढले जाते आणि मागे राहिलेला नळ शोषू लागतो. पाणी जाताना तोटीतून सुस्काऱ्यासारखा आवाज अनेकांनी ऐकला असेल. तोटीला अंगठा लावला तर तो आत ओढला जातो. त्या क्षणी तोटीचे तोंड हवेत असेल तर नळात हवा शिरते. तेच तोंड, किंवा त्याला जोडलेली रबरी नळी, पाण्यात बुडालेली असेल तर ते पाणी नळात शिरते. यास उलट प्रवाह म्हणतात.

नळी कशात बुडालेली असते, याचा विचार प्रत्येक घराने करावा. कपडे भिजविलेली बालदी, गोठ्यातील जनावरांचा हौद, मोरीतील साचलेले पाणी, शौचकूपात लोंबणारी फवाऱ्याची नळी, ही नित्याची ठिकाणे आहेत. कुळागराच्या मालकांनी अधिकच सावध असावे. पावसाळ्याच्या तोंडी सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुना कालविलेल्या पिंपात नळाची नळी सोडून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. दाब उतरताच ते निळे पाणी वाहिनीत जाऊ शकते आणि पुरवठा पुन्हा सुरू झाला की शेजारच्या घरातील तोटीतून बाहेर पडू शकते. मोरचूद क्लोरीनने नाहीसे होत नाही आणि उकळल्यानेही जात नाही.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे होली क्रॉस नावाचे महाविद्यालय आहे. 1969 साली तेथील फुटबॉल संघातील 97 खेळाडू व प्रशिक्षकांपैकी 90 जणांना काविळीच्या विषाणूची बाधा झाली आणि संघाला त्या हंगामातील उरलेले सर्व सामने सोडून द्यावे लागले. मैदानावर पाणी शिंपडण्याचे नळ जमिनीतील खड्ड्यांत बसविलेले होते. त्या परिसरात खेळणाऱ्या काही मुलांना काविळीची लागण झालेली होती आणि खड्ड्यांतील पाणी दूषित झाले होते. जवळच एका घराला आग लागली. ती विझविण्यासाठी अग्निशामक दलाने मोठ्या प्रमाणावर पाणी घेतल्यामुळे वाहिनीतील दाब उतरला आणि खड्ड्यांतील पाणी नळात ओढले गेले. त्याच वाहिनीचे पाणी खेळाडू सरावाच्या वेळी प्याले. तेथे दाब उतरण्यास आग लागावी लागली. जेथे ठरावीक तासच पाणी येते, तेथे तो रोजच उतरतो.

उलट प्रवाहाचे दुसरेही एक कारण आहे. ते म्हणजे घरातील दाब वाहिनीहून अधिक होणे. गोव्यात पुष्कळ घरांत विहीरही आहे आणि नळही आहे. विहिरीवरील पंपाचा नळ आणि शासकीय पुरवठ्याचा नळ एकत्र जोडून दोहोंचे पाणी एकाच वाटेने छपरावरील टाकीत चढविण्याची सोय काही कारागीर करून देतात. मधली झडप उघडी राहिली अथवा झिजली, तर पंप विहिरीचे पाणी सार्वजनिक वाहिनीत ढकलतो. पावसाळ्यात शोषखड्ड्याचे पाणी जमिनीतून विहिरीत उतरलेले असल्यास ते घाण पाणी साऱ्या वाड्यात पोचते. वाहिनीला थेट पंप लावून पाणी खेचणे तर दुहेरी अपायकारक आहे. शेजाऱ्याचे पाणी तुटते आणि वाहिनीच्या सांध्यांतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हवेचे अंतर होय, आणि त्याला पैसाही लागत नाही. तोटीचे तोंड भांड्याच्या किंवा टाकीच्या काठाच्या वर राहिले पाहिजे. हे अंतर तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी 25 मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन बोटे असावे. जमिनीखालील टाकीत येणारा नळ तळापर्यंत नेण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याचे तोंड टाकी वाहू लागते त्या पातळीच्या वर ठेवावे. रबरी नळी काम होताच तोटीवरून काढून खुंटीला टांगावी. फवारणीचे पिंप भरताना नळी वर धरावी, अथवा आधी कळशीत पाणी घेऊन ते पिंपात ओतावे. विहिरीचा नळ आणि शासकीय नळ कोठेही जोडू नयेत. दोन्हींची तोंडे टाकीत वेगवेगळी आणि पाण्याच्या वर सुटावीत. पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप, जिला कारागीर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, ती जरूर बसवावी. मात्र तिच्यात खडा अडकतो, रबर झिजते. म्हणून हवेच्या अंतराला ती पूरक मानावी.

पुरवठा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी न भरता धुण्यासाठी वापरावे. ग्राहकाच्या नळाशी प्रत्येक लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. समित्यांनी क्लोरोस्कोपने ही तपासणी वाड्यातील शेवटच्या घरीही करावी. इतर घरी क्लोरीन आढळते आणि एखाद्या घरी मुळीच नाही, असे झाल्यास जवळपास कोठे घाण शिरते आहे काय, याचा शोध घ्यावा.

शिक्षकांना हा धडा वर्गात सहज देता येईल. बाकावर रंगीत पाण्याची बालदी ठेवावी, पाण्याने भरलेल्या रबरी नळीचे एक टोक तीत बुडवावे व दुसरे खाली सोडावे. रंगीत पाणी काठावरून चढून खाली उतरते. मग बुडालेले टोक दोन बोटे वर उचलावे. प्रवाह तत्काळ तुटतो. हे एकदा पाहिलेले मूल घरी जाऊन मोरीतील नळी आपण होऊन उचलील.

पूर्वी गावच्या सामाईक विहिरीच्या काठावर कपडे धुण्यास कोणी धजत नसे, कारण ती सर्वांची होती. आजची वाहिनी जमिनीखाली असल्यामुळे दिसत नाही, तथापि तीही सर्वांचीच आहे. एका घरच्या बालदीत विसरलेली नळी दुसऱ्या घरच्या तान्ह्या मुलाच्या आजाराचे कारण होऊ शकते. म्हणून आज घरी परतल्यावर प्रत्येकाने आपल्या मोरीतील, गोठ्यातील आणि अंगणातील नळांची तोंडे कोठे आहेत, एवढे पाहावे आणि बुडालेली असतील ती वर उचलावीत.