मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबई आणि लंडन यांमधील हवाई अंतर, पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठावरून मोजले असता, सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा येथे थांबूनच त्याला हा पल्ला गाठावा लागला. आजची जेट विमाने तोच प्रवास, वाटेत कोठेही न उतरता, साधारणतः नऊ-दहा तासांत पुरा करतात. परंतु अंतर एकच असूनही जाण्यायेण्याच्या अवधीत जी तफावत पडते, ती मला विशेष मननीय वाटते : अतिउच्च वातावरणात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह लंडनकडे जाणाऱ्या विमानाला अडवितात आणि परतणाऱ्याला पुढे रेटतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो. तिकिटावरील वेळा मात्र त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. तेव्हा हिवाळ्यात दुपारी एकला निघून सायंकाळी साडेपाचला पोचणारे विमान साडेचार तासांत गेले, असा हिशेब कृपया करू नये. लंडनचे घड्याळ त्या ऋतूत आपल्यामागे साडेपाच तास असते; ते मिळविले, म्हणजे खरा अवधी दहा तासांचा निघतो.