गुडघेदुखीची रोजची गोळी

गुडघ्यांची झीज वर्षानुवर्षं चालते, म्हणून औषधही तितकी वर्षं अंगाला झेपणारं हवं. मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज घेतली, तर जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. याच गटातलं रोफेकॉक्सिब हे औषध तर हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. गुडघ्याला आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून पाहा. ते रक्तात फारच कमी उतरतं. गोळी लागलीच, तर डॉक्टरांना विचारून, कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती पाकिटासकट त्यांना दाखवा. संडासला डांबरासारखं काळं झालं, तर दुखण्याची गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. आणि खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम रोज करा, दुखत नसेल त्या दिवशीही.