अंगणातली मैफल आणि परवान्याचा कागद

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नवकथेवर बोलावे, अशी रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज एका सरकारी अर्जाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कार्यवाहांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. पण नाही म्हटले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

२०१७ च्या कोजागरीला आमच्या गच्चीवर गाणे होते. चाळीसेक माणसे, सतरंज्या, एका कोपऱ्यात आटत ठेवलेले केशरी दूध. गाणारे गृहस्थ आमच्याच गल्लीतले, दिवसा बँकेत नोकरी करणारे. एक मायक्रोफोन आणि भाड्याने आणलेले दोन स्पीकर होते. साडेदहाच्या सुमारास खाली मोटारसायकल थांबली आणि दोन शिपाई जिना चढून वर आले. “मास्टरसाहब, परमिशन है?” एवढेच त्यांनी, खरे सांगायचे तर सौजन्याने, विचारले. परवानगी नव्हती. ती लागते हेच मला ठाऊक नव्हते.

मी रागावलो. ज्या ग्वाल्हेरीत हद्दूखाँ-हस्सूखाँ गायले, जिथल्या वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिळवलेली गायकी पुढे महाराष्ट्रभर पसरली, त्या ग्वाल्हेरीत गाण्याला परवाना मागायचा? असे काहीसे भाषण मी त्या बिचाऱ्या शिपायांना दिले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि स्पीकर बंद करायला सांगितले. ते बंद झाले. गाणे चालू राहिले. आणि पाचच मिनिटांत आम्हा सर्वांच्या लक्षात आले, की चाळीस माणसांना मायक्रोफोनची गरज मुळातच नव्हती. उलट तंबोरा आता प्रथमच नीट ऐकू येत होता.

तक्रार कोणी केली, हे दुसऱ्या दिवशी कळले. तीन घरे पलीकडच्या शेजाऱ्यांच्या पत्नीची चारच दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. त्यांनी मला दोनदा फोन केला होता. माझा फोन खाली खोलीत पडून होता. त्या गृहस्थांसमोर मला घराण्याचा इतिहास सांगता आला नाही.

त्यानंतर मी नियम मिळवून वाचले. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्रीय नियम २००० सालचे आहेत. आपल्या मध्य प्रदेशाचा कोलाहल नियंत्रण अधिनियम त्याहून जुना, १९८५ चा. केंद्रीय नियमांचे सार असे : सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावताच येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्यांपुरता आवाज ठेवून, मुभा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती सरासरीने मोजतात हे खरे, पण समोरासमोरचे साधे संभाषणदेखील साठाच्या घरात जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ४५ किती थोडे ते कळते. (आमच्या प्राध्यापककक्षाला हा नियम लावला तर महाविद्यालय बंद करावे लागेल.)

या नियमांत २०१० साली दुरुस्ती झाली. तोवर रात्रीची बंदी प्रामुख्याने ध्वनिवर्धकापुरती होती. दुरुस्तीने त्यात वाद्यांचाही समावेश केला. म्हणजे स्पीकर बंद करून आम्ही उघड्या गच्चीवर जो तबला वाजवत राहिलो, तोही नियमबाह्यच होता. शिपायांना ते माहीत नव्हते, की त्यांनी कानाडोळा केला, हे मी विचारले नाही.

येथे एक सांस्कृतिक पेच आहे. आपल्या रागांना प्रहरांचे बंधन आहे. दरबारी, अडाणा, मालकंस हे दहा वाजल्यानंतरचे राग. उघड्या अंगणात ते ऐकण्याची रीत आता कायद्याने संपली आहे. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पण ते दिवस सरकारने आगाऊ जाहीर करायचे असतात. एखाद्या गल्लीने आपली कोजागरी त्यात मनाने धरून चालत नाही. याचे मला दुःख आहे.

परंतु सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल वाचल्यावर त्या दुःखाची धार बोथट होते. त्या याचिकेमागे एक घटना होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असताना तिच्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिवर्धकावरील संगीतात बुडून गेल्या. तिने पुढे स्वतःला जाळून घेतले. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा, की बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करता येत नाही. गाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने हे वाचून गप्प बसावे, असेच ते आहे.

तेव्हा माझे भांडण नियमाशी नाही, अर्जाशी आहे. पुढच्या खेपेला मी रीतसर परवानगी मागायला गेलो. मिळालेल्या कागदावर अपेक्षित गर्दी, वाहनतळ, अग्निशमनाची सोय, स्वयंसेवकांची नावे असे रकाने होते. मी गर्दीच्या रकान्यात ‘चाळीस’ लिहिले. कारकुनाने विचारले, “चालीस हज़ार?” विनोद बाजूला ठेवू, पण मेळ्यासाठी केलेला कागद माजघरातल्या बैठकीला लावला, की माणसे बैठक करणेच सोडून देतात. माझ्या ओळखीच्या तीन घरांनी ती सोडली. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीताचे सर्जनशील शहर’ म्हणून मान्यता दिली, ती या घरांपर्यंत पोहोचलेली नाही.

वास्तविक त्यांना सोडण्याचे कारण नव्हते. केंद्रीय नियमांची लेखी परवानगी ध्वनिवर्धकासाठी आहे. दिवसा किंवा संध्याकाळी, दहाच्या आत, स्वतःच्या घरी, ध्वनिवर्धकाशिवाय चार माणसे गायला बसली, तर तिचा प्रश्न येत नाही. स्वामित्वहक्काची भीतीही काहींना कोणीतरी घातली होती. १९५७ च्या कायद्यातच हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. स्पीकर लावायचाच असेल तर परवाना घ्यावा. प्रशासनाने मात्र पन्नास-साठ श्रोत्यांपर्यंतच्या कार्यक्रमासाठी एका पानाचा, एकाच खिडकीवर स्वीकारला जाणारा अर्ज ठेवावा, एवढे आपण मागू शकतो आणि मागितले पाहिजे.

आपल्या वाचनालयाकडेही माझे एक मागणे आहे. हे सभागृह बंदिस्त आहे. दारे-खिडक्या लावल्या की आवाज रस्त्यावर जात नाही, हे मी गेल्या आठवड्यात बाहेर उभे राहून पाहिले. वर्षातून चार रात्री ते गल्लीतल्या हौशी गायकांना द्यावे, म्हणजे मालकंसाला छप्पर मिळेल. आमची कोजागरी आता सात वाजता सुरू होते आणि पावणेदहाला भैरवी होते. पहिले आमंत्रण त्या तीन घरे पलीकडच्या दांपत्याला जाते. वहिनी आता ठणठणीत आहेत आणि दूध त्याच आटवतात.

नियमांचा मराठी गोषवारा आणि छोट्या अर्जाचा मसुदा मी हाताने लिहून आणला आहे. तो ग्रंथपालांकडे देतो. ज्यांना हवा असेल त्यांनी नक्कल करून घ्यावी.