जखमी कामगार आणि दहा प्रश्न
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझे थोरले बंधू कारखान्यात ओझे उचलताना पाठीत लचक भरून घरी आले. क्ष-किरण चित्रात हाडे शाबूत दिसली. तरीही आम्ही सर्वांनी त्यांना ‘हलू नका’ असे प्रेमाने बजावले. महिने लोटले, पाठीपेक्षा मन अधिक अधू झाले आणि दादा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. कारखान्यातून कोणी विचारपूस केली नाही, हे खरे. पण दादांच्या मनात काय आहे, हे आम्ही तरी कोठे विचारले?

हे विचारण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. स्वीडनमधील एरेब्रू येथील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन लिंटन यांनी १९९० नंतरच्या दशकात एक प्रश्नावली रचली. २०११ साली तिचे दहा प्रश्नांचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध झाले. वेदना किती दिवसांची व किती तीव्र आहे, रात्री झोप लागते काय, तासभर हलके काम जमते काय, मन चिंताग्रस्त वा उदास आहे काय, दुखणे कायमचे जडेल असे वाटते काय, तीन महिन्यांनी आपण कामावर असू असा भरवसा आहे काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होत. प्रत्येकास जास्तीत जास्त दहा गुण. बेरीज पन्नासांच्या वर गेली, तर दुखणे रेंगाळण्याचा धोका अधिक समजतात.

मात्र ही चाळणी म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. हाड मोडले आहे की नाही, हे वैद्यकीय तपासणीनेच कळते. अधिक गुण मिळाले म्हणून कोणी ढोंगी ठरत नाही, अथवा नोकरीस अपात्रही ठरत नाही. प्रथम कोणाच्या मदतीस धावावे, एवढेच हे गुण सांगतात. ती मदत म्हणजे भीती घालविणारे चार शब्द, झेपेल तेवढी हालचाल आणि हलक्या कामापासून क्रमाक्रमाने परतण्याची सोय.

आपले मंडळ जखमी बांधवाच्या घरी आर्थिक साहाय्य पोहोचविते. माझी नम्र विनंती एवढीच की, पहिल्या पंधरवड्यातच कोणीतरी त्याच्या उशाशी बसून ‘पुन्हा कामावर जाण्याची उमेद वाटते का?’ असे आपुलकीने विचारावे, आणि उत्तर नकाराचे आले तर त्याला डॉक्टरांकडे व मालकाकडे सोबत द्यावी. आमच्या दादांना हे कोणी विचारले नाही. पुढच्या दादाला आपण विचारू या.