मुलीचे मोल आरशात नाही

(अंबाडी, ता. भिवंडी येथे महिलांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यास वज्रेश्वरीचा रस्ता जेथे मिळतो, त्या तुमच्या नाक्यावरील एखाद्या दुकानापाशी क्षणभर उभे राहा. शांपूच्या पुड्यांशेजारी रंग उजळविण्याचे आश्वासन देणाऱ्या क्रीमच्या पुड्याही तुम्हांस टांगलेल्या दिसतील. त्या पुडीवरील गोरी मुलगी तुमच्या घरात केव्हाच येऊन पोहोचली आहे. ती टी.व्ही.वर आहे, मोबाईलमध्ये आहे, आणि तुमच्या बारा वर्षांच्या लेकीच्या मनातही तिने बिऱ्हाड केले आहे. ती तुमच्या लेकीस दोन गोष्टी शिकविते : तुझा वर्ण हा तुझा दोष आहे, आणि तू आता लहान राहिलेली नाहीस. या दोन्ही गोष्टी असत्य आहेत. मी व्यवसायाने वकील आहे. असत्याची उलटतपासणी करणे हे माझे नित्याचे काम. तेच आज तुमच्यासमोर करावयाचे आहे.

प्रथम वर्णाचा विचार करू. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम आपल्या देशात १९७५ साली बाजारात आले. गोरी झाल्यावाचून चांगली नोकरी नाही, चांगले स्थळ नाही, हाच पाठ अशा जाहिरातींनी वर्षानुवर्षे घरोघर दिला. टीका वाढली तेव्हा २०२० साली कंपनीने नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून तेथे ‘ग्लो’ हा शब्द घातला. पुडीवरचे नाव बदलले. मुलींच्या मनावर कोरलेला पाठ मात्र त्याबरोबर पुसला गेला नाही.

हा पाठ केवळ मनास दुखवितो असेही नाही. अकोल्याची एक विद्यार्थिनी, तिची आई व तिची बहीण अशा तिघींनी एक क्रीम वापरले आणि तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. ही हकीकत २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. वास्तविक २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्यास लावावयाच्या क्रीममध्ये नकळत राहून गेलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. म्हणून ज्या डबीवर निर्मात्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक नाही, ती डबी घरात आणू नका.

येथे कोणी विचारील, ‘मग काय, आमच्या मुलींनी नीटनेटकेही राहू नये?’ प्रश्न रास्त आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे ओबडधोबड दागिने टाकून देण्यास सांगितले होते. ते दागिने व ती नेसण हे अस्पृश्यतेचे शिक्के होते. पाहणाऱ्याने दुरूनच ओळखावे व दूर सरावे, एवढ्यासाठी ते होते. स्वच्छ व नीट वेष करून आपल्या आज्यांनी तो शिक्का पुसून टाकला. आज जाहिरात आपल्या नातींच्या कातडीवर नवा शिक्का मारीत आहे. वेष नीट करणे म्हणजे स्वतःचा मान राखणे. कातडीची लाज बाळगणे म्हणजे दुसऱ्याने केलेला अपमान कबूल करणे. हा भेद प्रत्येक आईने आपल्या मुलीस समजावून सांगितला पाहिजे.

आता दुसरे असत्य घेऊ. मुलीस पाळी आली की आपल्याकडे म्हणतात, ‘मुलगी शहाणी झाली.’ पाळी लवकर येण्यास वजन, आहार, आनुवंशिकता अशी कारणे असतात. त्यात मुलीचा काडीचाही दोष नसतो. आठव्या वर्षापूर्वीच शरीरात बदल दिसू लागले, तर तिला रागे न भरता डॉक्टरांकडे न्या. परंतु शरीर वाढले म्हणून मन वाढले असे होत नाही. पडद्यावर मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलींस मोठ्या बायांप्रमाणे नटविले जाते, नाचविले जाते, आणि आपणही कौतुकाने म्हणतो, ‘किती मोठी दिसते!’

बंधूंनो, हेच कौतुकाचे वाक्य न्यायालयात बचाव म्हणून उभे राहते. मुलीवर अत्याचार झालेला असतो आणि आरोपीच्या वतीने सांगण्यात येते, ‘ती मोठी दिसत होती.’ कायदा दिसण्यावर जात नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगी बालकच होय. तिने होकार दिला होता, ही सबब तेथे चालत नाही. वय ठरविताना प्रथम शाळेचा दाखला व जन्माचा दाखला पाहिला जातो. म्हणून हे कागद दागिन्यांपेक्षाही जपून ठेवा.

विवाहाचेही तसेच. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. १९७८ साली ते अठरा झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा पूर्ण होण्यापूर्वीच झाले होते. ‘मुलगी मोठी दिसू लागली, आता उजवून टाकू’ या एका वाक्यात किती मुलींची शाळा बुडाली असेल!

तेव्हा काय करावे? मोबाईल हिसकावून घेतल्याने हे काम होणार नाही. मुलगी तो शेजारी जाऊन पाहील. तिच्याजवळ बसा. चित्रातील चेहरा प्रकाशाने व यंत्राने कसा गुळगुळीत केलेला असतो, तो विकून कोणास पैसा मिळतो, हे तिला विचारा. उत्तर तिचे तिला शोधू द्या. घरात ‘काळी’, ‘सावळी म्हणून हुंडा जास्त’ असले शब्द उच्चारू नका. कारण पहिली जाहिरात मुलगी आपल्याच घरात ऐकते. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी हीन भावना निर्माण करणाऱ्या जाहिरातींस २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. तशी जाहिरात दिसल्यास १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करा. बालविवाह ठरत असल्यास ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यास अथवा १०९८ वर कळवा.

शेवटी एका मुलीचे स्मरण करून देतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ती दिसावयास कशी होती, हे आज कोणी विचारीत नाही. तिने काय लिहिले, ते आजही वाचले जाते. छापखाना तिला नटवू शकला नाही. तिनेच त्याला बोलावयास लावले. आपल्या लेकीच्या हाती आज छापखान्याहून मोठे यंत्र आहे. तिने त्यात केवळ आपला चेहरा पाहत बसावे, की आपले म्हणणे मांडावे, हे ठरविण्याचे बळ तिला घरातूनच मिळावयाचे आहे. ते देण्यास आपण चुकू नये, एवढीच माझी विनंती.