जुन्या साखळी-करवतींचा जीर्णोद्धार



छंद म्हटला कीं पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, फार तर एखादें आजोबांच्या वेळचें घड्याळ, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. आज ज्या छंदाविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील वस्तु दिवाणखान्यांत मांडण्याजोगी नाहीं. तिला पेट्रोलचा वास येतो, ती तेलानें माखलेली असते, आणि ती सुरू झाली म्हणजे शेजारी खिडक्या लावून घेतात. ही वस्तु म्हणजे झाडें तोडण्याची यांत्रिक साखळी-करवत. अमेरिका, जर्मनी, स्वीडन अशा ज्या देशांत लांकूडतोडीचा धंदा मोठा आहे, तेथें अडगळींत पडलेल्या जुन्या करवती शोधून काढावयाच्या आणि पुन्हां चालत्या करावयाच्या, हा कित्येक गृहस्थांचा आवडता उद्योग होऊन बसला आहे.

या यंत्राचा वंशवृक्ष मोठा गमतीचा आहे. साखळीला दांते बसवून कापण्याची कल्पना मूळची अरण्यांतील नव्हे, ती शस्त्रवैद्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऐटकिन आणि जेफ्रे या दोघां स्कॉटिश वैद्यांनीं हाड कापण्याकरितां हातानें ओढावयाची बारीक दांत्यांची साखळी वापरली. ती लांकडाकडे वळून तिला एंजिन जोडलें जावयास विसावें शतक उजाडावें लागलें. जर्मनींत एमिल लेर्प यानें १९२७ सालीं आपल्या पेट्रोलवरील करवतीची परीक्षा डोलमार नांवाच्या डोंगरावर घेतली, आणि त्या डोंगराचेंच नांव पुढें त्याच्या यंत्रांना मिळालें. आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. हीं यंत्रें इतकीं अवजड होतीं कीं तीं उचलावयास दोन माणसें लागत. १९५९ सालीं श्टीलचीच ‘कोंट्रा’ ही करवत आली, तेव्हां सहा अश्वशक्तीचें यंत्र सुमारें १२ किलोंत, एकाच माणसाच्या हातांत मावूं लागलें.

साखळीचीहि अशीच एक गोष्ट आहे. अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांतला जो कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या १९४६ सालीं एका ओंडक्यांतील अळीकडे पाहत बसला होता. ती अळी आपल्या जबड्यानें डावीकडे एक, उजवीकडे एक असे घांस घेत लांकूड सहज पोखरीत चालली होती. तें पाहून त्यानें साखळीचे दांते तसेच वांकडे, आळीपाळीनें डावे-उजवे घडविले, आणि १९४७ सालीं तिचा कारखाना काढला. आजच्या बहुतेक करवतींच्या साखळ्या त्याच घाटाच्या वंशज आहेत.

आतां मूळ विषयाकडे वळूं. अशी जुनी करवत हातीं आली म्हणजे जाणता मनुष्य प्रथम ती सुरू करण्याचा मोह टाळतो. तो तीन प्रश्न विचारतो: ठिणगी पडते काय? नळकांड्यांत दाब धरतो काय? इंधन पोंचतें काय? ठिणगी पडत नसेल तर पुष्कळदां दोष एवढाच असतो कीं चुंबकयंत्राच्या स्पर्शबिंदूंवर गंज चढलेला असतो. तो हलक्या हातानें पुसला कीं वीस वर्षें मुकें असलेलें यंत्र बोलूं लागतें. दाब नसेल तर मात्र दट्ट्या बाहेर काढून पाहावा लागतो. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर मागच्या मालकानें पेट्रोलमध्यें तेल घालण्याची हयगय केली होती असा संशय घ्यावयास जागा असते.

तेलाची ही बाब आपल्याकडील मध्यमवयीन श्रोत्यांना समजावून सांगावयास नको. १९७२ पासून आपल्या रस्त्यांवर आलेल्या चेतक स्कूटरचें एंजिन याच द्विघाती जातीचें होतें, आणि पेट्रोल भरतांना त्यांत तेल घालून घेण्याचा परिपाठ घरोघरीं ठाऊक होता. फरक एवढाच कीं स्कूटर नेहमीं चाकांवर उभी असते. करवतीला मात्र आडवें, तिरपें, प्रसंगीं उलटेंहि व्हावें लागतें. तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर अशा वेळीं निरुपयोगी ठरतो. म्हणून महायुद्धानंतरच्या करवतींत त्या जागीं रबरी कापडाचा एक पातळ पडदा आला. तोच पडदा आज जीर्णोद्धार करणाऱ्याची पहिली डोकेदुखी होय. काळानें तो पत्र्यासारखा ताठ होतो, आणि आजच्या पेट्रोलमधील मद्यार्क जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाहीं. म्हणून नळ्या आणि पडदे नवे घालणें हेंच शहाणपणाचें.

यानंतर कसोटी लागते ती कानाची. पूर्ण वेगांत, पण लांकडावर न टेकलेलें एंजिन किंचित् अडखळत, घोगरें बोलत असेल तर इंधन पुरेसें आहे. तेंच जर स्वच्छ, उंच, कडक सुरांत गाऊं लागलें, तर नवशिक्याला आनंद होतो आणि अनुभवी मनुष्य धांवत जाऊन तें बंद करतो. कारण त्या गोड सुराचा अर्थ इंधन अपुरें पडत आहे, त्याबरोबर तेलहि अपुरें पडत आहे, आणि दट्ट्या कांहीं क्षणांत होरपळणार आहे, असा असतो.

येथें एक मोठा प्रश्न उभा राहतो. इतके भाग बदलल्यावर ती करवत जुनी राहिली काय? १९४९ सालीं सुमारें २५ पौंडांची एकहाती करवत बाजारांत आणणाऱ्या रॉबर्ट मॅकलॉक यानें १९६८ सालीं लंडनचा जुना पूल विकत घेतला. त्याचे दगड क्रमांक घालून आरिझोनाच्या वाळवंटांत नेले, आणि आंत काँक्रीटचा नवा सांगाडा उभारून त्यावर ते पुन्हां रचले. १९७१ सालीं तो पूल पुन्हां खुला झाला. बाहेरून तो जुनाच; पण भार वाहतें तें काँक्रीट. करवतीच्या बाबतींतहि हाच न्याय विवेकी माणसें लावतात. जें दिसतें तें, म्हणजे ओतीव कवच, मूळचा रंग, कारखान्याची पाटी, शक्य तोंवर राखावें. ज्यावर भार आहे तें निःशंकपणें नवें घालावें.

पण असा एक भाग आहे कीं जो बदलतां येत नाहीं, कारण तो तेथें कधीं नव्हताच. करवतीच्या पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडाला अडला, तर सबंध पातें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतें. आजच्या करवतींना त्यासाठीं साखळी तत्काळ थांबविणारा अडसर असतो. १९५० च्या सुमाराच्या करवतींना तो नाहीं. त्या काळीं हादरे सोसणारे रबरी आधारहि नव्हते, आणि अशा हादऱ्यांनीं कित्येक लांकूडतोड्यांच्या बोटांतील रक्त आटून तीं पांढरीं पडत, बधिर होत.

म्हणून ज्याला हा छंद जडला असेल, त्यानें एक गोष्ट मनाशीं पक्की करावी. यंत्र दुरुस्त झालें याचा अर्थ तें निर्धोक झालें असा होत नाहीं. उत्तम रीतीनें उजळलेली जुनी करवत चार मिनिटें चालवावी, जमलेल्यांना तिचा आवाज ऐकवावा आणि खालीं ठेवावी. झाड पाडावयाचें असेल तर आजची करवत घ्यावी. आजोबांची करवत नातवाच्या हातीं देतांना तर ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी, कारण चकचकीत वस्तूवर मुलांचा विश्वास लवकर बसतो.

मग इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्या यंत्रांनीं शेंकडों वर्षांचीं झाडें घटकाभरांत आडवीं केलीं, त्यांचा सामर्थ्याचा आणि निष्काळजीपणाचा इतिहास त्यांच्याच अंगावर लिहिलेला आहे. झिजलेली मूठ, तुटका दांता, करपलेला दट्ट्या हीं त्याचीं अक्षरें होत. तीं वाचावयाचीं तर यंत्र उघडावें लागतें. आणि एकदां उघडलें कीं तें नीट मिटवून ठेवणें हें उघडणाऱ्याचें कर्तव्य ठरतें.