सनदेचे बंधन



वर्धापनदिनी माझ्या सनदेविषयी दोन शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली.

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यान्वये माझे नाव महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या पटावर आहे. नाव पटावर चढले की मनाला येईल तसे वागता येत नाही. कामाची जाहिरात करावयाची नाही. दाव्यात मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवावयाचा नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले बाहेर फोडावयाचे नाही. नियम मोडला तर शिस्त समिती चौकशीअंती पटावरून नावसुद्धा काढू शकते.

लोह्यासारख्या गावात शेवटचा नियम पाळणे फार जड जाते. एका मैत्रिणीने विचारले, "माझी जाऊ तुमच्याकडे येऊन काय सांगून गेली?" मी गप्प राहिले. त्या वर्षी तिने मला हळदीकुंकवाला बोलावले नाही. वाईट वाटले.

पुढे एका संध्याकाळी तीच कागदांची पिशवी घेऊन आली. दार लोटून घेत म्हणाली, "वकीलबाई, तुम्ही कुणाला सांगत नाही, म्हणून आले."

ही हकीकत तिच्या परवानगीनेच सांगितली. नाव मात्र विचारू नका. तेवढे बंधन मजवर आहे.